मानेवरचा लाल ठसा

शनिवार, संध्याकाळ

यांच्या मानेवरचा लाल ठसा कधीच गेला, पण माझी टेनिसची सर्व्हिस गेली ती गेलीच. डबल्स खेळताना पुढं नेटपाशी उभ्या असलेल्या स्वतःच्या नवऱ्यालाच चेंडू हाणला मी! तेव्हापासून चेंडू वर उडवला की हात आखडतो. आज सरावातही सगळ्या सर्व्हिस नेटमध्येच. आणि उद्या क्लबात मॅच! हे ओरडतात, "अगं, मार की जोरात! मी काय भितोय व्हय?" चेंडू थोडा पुढं उडवायचा, कोपर वर ठेवायचं, सगळं कळतं. मग अडतंय कुठं?

आत्ता लेकीनं काढलेला सरावाचा व्हिडिओ पाहिला. माझ्या प्रत्येक सर्व्हिसआधी हे मान खांद्यात ओढून घेतात, बरोबर त्या ठशाची जागा झाकतात.

पण पाऊलभरही बाजूला सरकत नाहीत.