दुकानातली गुणगुण

बाबा, परवा मी तुमचा आवाज पुसून टाकला. मुद्दाम नाही, पण अगदी मन लावून पुसला.

तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. मी आता मशीनच्या आवाजांचं संगीत करते. वायरी, बटणं, लॅपटॉप, आणि तिकीट काढून लोक ऐकायला येतात, हे तुम्हाला पटायचं नाही. आधी एका तबलजीसोबत वाजवलं, मग एका जर्मन बाईसोबत. येत्या रविवारी धरमपेठेत कार्यक्रम आहे आणि या वेळी सोबत उमरेडच्या एक विणकर ताई आहेत. त्या स्टेजवर हातमाग चालवतील आणि मी त्या खटखटीभोवती आवाज रचीन. त्यांच्याइतकी पक्की लय मी कुणात पाहिली नाही.

कार्यक्रमाच्या सुरुवातीला, आपल्या इंदोऱ्यातल्या दुरुस्तीच्या दुकानात मी टेप केलेली जुनी कॅसेट वाजवायची असं ठरवलं. ते दुकान मला अजून जसंच्या तसं दिसतं. उन्हाळ्याची दुपार, कूलर नुसता दमट वारा फेकतोय, तुमच्यापुढे कुठल्याशा भजन मंडळाचा बंद पडलेला ॲम्प्लिफायर उघडा पडलाय. तुम्ही माइकची वायर माझ्यापुढे धरता. ‘बोट लाव वं.’ मी उघड्या टोकाला बोट लावते आणि स्पीकर घूंऽऽ करतो. ‘गुणगुणला ना? मंग जीव हाय त्याच्यात.’ तुमची तपासायची रीतच ती. आधी पोरीचं बोट, मग मीटर.

बारावीत असताना मी दोन ॲम्प्लिफायर एकमेकांना उलटे जोडले आणि दुकानातून अशी किंचाळी निघाली की समोरचा पानठेलेवाला उठून उभा राहिला. तुम्ही प्लगच उपटलात. ‘दुकान हाय हे. गिऱ्हाईक पळवून राहिली काहून?’ मी दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तुम्ही एक जुना टेप-डेक माझ्यापुढे ठेवलात, गिऱ्हाईक परत न्यायलाच आलं नव्हतं तो. त्याच डेकवर मी दुकानातली एक दुपार टेप केली, तुम्ही काहीतरी बोलाल म्हणून. तासभर तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. म्हणून मी आजवर धरून चालले होते की तुमचा आवाज आपल्याकडे कुठेच नाही.

परवा ती कॅसेट कॉम्प्युटरवर घेतली आणि सवयीने मागची ॲम्प्लिफायरची घरघर साफ केली. ताई तालमीला आल्या तेव्हा कौतुकाने दोन्ही ऐकवलं, आधीचं आणि साफ केलेलं. त्या म्हणाल्या, ‘हे दुसरं कोरडं काहून झालं? पयल्यात कोणी गाऊन राहिलं होतं ना.’ मी हसले. म्हटलं, ताई, तो ॲम्प्लिफायर आहे. ‘नाही वं. मागावर बसलं का त्याच्या सुरात सूर आपोआप लागते. मले समजते ते.’

त्या गेल्यावर मी हेडफोन लावून मूळ कॅसेट ऐकली. बाबा, ती गुणगुण मधेमधे श्वास घेत होती. मशीन कुठे श्वास घेतं? आणि शेवटी तुम्ही स्विच बंद करता, खट्, घरघर थांबते आणि गुणगुण चालूच राहते. चार-पाच सेकंद. एकटी, खर्जात, तंतोतंत त्याच सुरात. मशीनच्या सुरात माणसाचा सूर मिसळायला मला वीस वर्षं लागली, आणि तुम्ही ते हातात सोल्डरिंग आयर्न घेऊन, कुणाला न सांगता, रोज करत होतात. एवढा मोठा गवई माझ्या शेजारच्या स्टुलावर बसला होता.

रविवारी न पुसलेलीच कॅसेट वाजेल. गुरू कोण असं विचारलं की मी इतकी वर्षं ‘कोणी नाही’ म्हणत आले, तेही आता म्हणणार नाही.

हा कागद कॅसेटच्या डबीत घडी करून ठेवते, दुसरीकडे कुठे पाठवणार? फक्त एक सांगायचं राहिलं. तुम्ही प्लग उपटलात त्या दिवशी मी आईला मोठ्याने म्हणाले होते, ‘बाबांना गाण्यातलं काय कळतं?’ तुम्ही तेव्हा अंगणात हात धूत होतात. डेक तुम्ही त्यानंतर दिलात, म्हणून विचारते. ऐकलं होतंत का?