कडुलिंबाखालच्या झोळ्या

उस्ताद, मोहरीएवढ्या अफूच्या गोळीला खरं काय पडतं, ते तुम्ही मला एकदा बोटांवर मोजायला लावलं होतं. दुकानावरचे दोन पैसे तुम्ही धरूच दिले नाहीत. "ते गुत्तेदाराचं झालं. तुझं सांग," म्हणालात. मी मोजत गेलो. आईची पितळेची घागर. दोन दाढा. धाकटा भाऊ, जो मी समोरून येताना दिसलो की पालमच्या बाजारात रस्ता बदलायचा. आठ-आठ दिवस न होणारं परसाकड. आणि एक बैल, ज्याला मी झिंगेत तीन दिवस पाणी दाखवलं नाही आणि जो दावणीला बसला तो बसलाच. तुम्ही म्हणालात, "बैल आधी सांगायचा, बेटा. घागर मागून." माझ्या नाकातून पाणी गळत होतं, पायात गोळे येत होते, मांडीखालचं पोतं माझ्याच घाणीनं भिजलं होतं, तरी मी हसलो. परभणीच्या जिनिंगमधल्या तुमच्या इंजिनखोलीतला तो माझा चौथा दिवस होता.

आज इतक्या वर्षांनी लिहायला बसलोय त्याला कारण काल आलेली पोरं. परभणीतलीच, शिकलेली. नशेत बुडालेल्यांसाठी काहीतरी केंद्र काढतायत. "आजोबा, तुम्ही निजामाच्या अमलात हे काम करायचात म्हणे. किती जणांची सुटली?" मी म्हणालो, "अठरा. सतरा बाप्ये, आणि अठरावी माझी पोरगी, अकरा महिन्यांची. आणि एकालाही मी या हातानं गोळी दिली नाही, मग तो कितीही पाया पडो."  त्यांतल्या एकानं डोळे पुसले. हे वाक्य मी इतक्या ओट्यांवर बोललोय की आता ते जिभेवरून आपोआप घरंगळतं. त्यांनी शाल घातली, नारळ दिला, पाया पडून गेली. मी शाल घडी करून कोनाड्यात ठेवायला गेलो आणि मला शिसारी आली. कोरी करकरीत शाल, पण नाकात आला तो अफूवाल्याच्या गोधडीचा वास.

तो वास तुम्हाला काय सांगू? लोकांना वाटतं आपण दयेपोटी बसायचो. दया तिसऱ्या जुलाबाबरोबर वाहून जाते. माझा पहिला तो वखारीतला हमाल होता, आठवतो का? आडदांड गडी, पण गोळी चुकली की आधी जांभया, मग ओळीनं वीस शिंका, मग अंगावर काटा, सोललेल्या कोंबडीसारखा. मग रडणं सुरू. मेलेली आई मधे घालायचा, आजारी पोर मधे घालायचा, खंडोबाची शपथ घालायचा. मी गोळी देत नाही म्हटल्यावर माझ्या मनगटाला चावला, आणि चावल्यावर माझ्याच अंगावर ओकला. मी तसाच उठून तुमच्याकडं आलो. तुम्ही कानशीनं काहीतरी घासत होतात. मी म्हणालो, "उस्ताद, मला याचा वीट आला. किळस येते मला त्याची." तुम्ही मान वर न करता म्हणालात, "येऊ दे की. मला तुझी आली नव्हती का? तुझ्या अंगाला तर तीन दिवस कुत्रं हुंगत न्हवतं. किळस आली तरी उठून जायचं न्हाई, एवढंच काम हाय. आता तू उठून कुठं आलायस, सांग बरं?" मी परत गेलो. हमाल तसाच पडला होता, दाराकडं बघत.

तुम्ही हकीम नव्हतात, मौलवी नव्हतात. बारा वर्षं अफू खाऊन त्यातून निघालेले जिनिंगचे मिस्त्री होतात, आणि तेवढंच सांगायचात: "मी या घाणीतून तुझ्याआधी गेलोय. वाट ठाऊक हाय, बस." जो उठला त्यानं दुसऱ्याजवळ बसायचं, ही तुमची एकच फी. ज्वारीची आंबील पाजायची, पाय चेपायचे, घाण काढायची आणि उपदेश करायचा नाही. "कान दे, जीभ नक्को देऊ." तेवढं मात्र मला चांगलं जमलं. पाठीवर पोती वाहणारा मी, तुमच्या हाताखाली इंजिन ऐकायला शिकलो. तुमची ती बाभळीची हातभर काडी, तिचं एक टोक इंजिनाला, एक कानाला. पुढं पुढं फाटकात पाऊल टाकलं की मला कळायचं कुठलं बेरिंग तेलाला आलंय. माणसांचंही तसंच. एक पाटील सात दिवस शुद्ध आहे म्हणून अल्लाची, देवाची, दोघांचीही शपथ घेत दाराआड बसला होता. मी बाहेरूनच त्याचं नाक खाजवणं ऐकलं (गोळी पोटात गेली की नाक खाजतंच) आणि विचारलं, "पागोट्यात हाय, का धोतराच्या घडीत?"  आतून म्हणाला, "पागोट्यात." तुम्ही हसून हसून बेजार झालात. "तुझ्या कानापुढं कोण टिकनार, बेटा," म्हणालात. ते मी गावभर सांगितलं.

आणि त्याच कानांनी मी रोज दुपारी कडुलिंबाखाली भाकरी खात होतो.

तुम्ही पाहिलेलाच आहे तो लिंब. कापसातला कचरा वेचायला येणाऱ्या बायांच्या झोळ्या त्याच्या फांद्यांना टांगलेल्या. पंधरा-वीस तान्ही पोरं. समोर इंजिन धडधडतंय, मुकादम ओरडतोय, आणि झोळ्यांतून हूं नाही की चूं नाही. त्यातली एक झोळी माझ्या पोरीची. बायको कचरा वेचायला होती, मी मिस्त्रीच्या हाताखाली. दोघांचं नीट चाललं होतं. मी चारचौघांत सांगायचो, "आमची पोरगी लय गुणी हाय, रडणं म्हणून ठाऊक न्हाई तिला." बायको भाकरीचं फडकं बांधायला लागायची.

आज मला सगळ्यात जास्त किळस येते ती एका गोष्टीची. बाजारातल्या त्या परवान्याच्या दुकानासमोर मी उभा राहायचो, हे तुम्हाला माहीत आहे. आपण उठवलेला कुणी तिकडं वळला तर त्याच्या खांद्यावर हात टाकून परत फिरवायचो. दुकानदार हसून म्हणायचा, "आवो मिस्त्री, माझं दुकान बंद पाडता का?" मीही हसायचो. आणि बाया आल्या की मी अदबीनं बाजूला सरायचो, बायामाणसाला वाट द्यावी म्हणून. त्या घ्यायच्या ती बाळगोळी. बाप्यांची ती अफू, पोरांची ते औषध. एकाच डब्यातून, एकाच काट्यावर. माझ्या बायकोलाही मी तशीच वाट दिली असणार.

मग त्या शुक्रवारी, कारखाना बंद होता तेव्हा, मी तुम्हाला जेवायला बोलावलं. गल्लीतल्या दोघातिघांच्या भुवया चढल्या, त्या चढू दिल्या. बायको चुलीपुढं, तुम्ही उंबऱ्याजवळ पाटावर, आणि आढ्याला झोळी. वाढताना तिच्या हातून परात निसटली. फरशीवर असा दणका झाला की शेजारची म्हातारी बाहेरून ओरडली, "काय पडलं गं?" झोळी हलली नाही. तुम्ही हातातला घास खाली ठेवलात.

"पोरगी दचकली का न्हाई?"

"गुणी हाय, उस्ताद," मी म्हणालो.

तुम्ही उठलात, झोळीत वाकलात, अंगठ्यानं तिची पापणी वर केलीत. बाहुली सुईच्या टोकाएवढी. मला काय ते नवीन होतं? सतरा माणसांच्या डोळ्यांत पाहिली होती मी ती. तुम्ही हळूच म्हणालात, "गुणी न्हाई रे. नशेत हाय."

आणि मी काय बोललो? मी म्हणालो, "उस्ताद, माझ्या घरात बसून माझ्या बायकोला अफूवाली म्हणता? पाणी प्या आणि उठा." ज्या माणसानं माझी ओकारी ओंजळीत धरली त्याला. तुम्ही पाणी प्यालात. बायकोला म्हणालात, "ठेचा छान झाला होता, बेटी," आणि चपला घालून गेलात.

दार लावून मी तिच्याकडं वळलो. तिनं काही लपवलं नाही. पदराची गाठ सोडून पुढं केली. "अफू न्हाई ती, बाळगोळी हाय. समद्याच देत्यात. तुमच्या आईनं तुमाला दिली नसंल का?" मी हात उगारला होता, तो तसाच राहिला. ती म्हणाली, "पोर रडलं की मुकादम बाईला फाटकाबाहेर काढतो. तुमाला रडणं ऐकू येत न्हाई, त्याला येतं. आवो, सतरा बाप्यांचा शेंबूड पुसला तुमी. हिला एक दिस तरी मांडीवर घेतलं का?"

मी म्हणालो, ठीक, उद्यापासून तू कामाला जा, मी बसतो. मला ताप आल्याचं मुकादमाला कळवलं. तिच्या हातातली ती गाठ घेऊन कोनाड्यात ठेवली आणि पोरगी मांडीवर घेतली.

त्याच संध्याकाळी तिनं जांभई दिली. अकरा महिन्यांच्या लेकरानं हमालासारखी जांभई दिली, उस्ताद. मग शिंका. मग दोन्ही पाय पोटाशी ओढून घेतले आणि तिचं रडणं मी पहिल्यांदा ऐकलं. दुसऱ्या दिवशी हिरवे जुलाब. अंगावरचं दूधही राहीना, पेजेचं पाणीही राहीना. बाप्ये शिव्या द्यायचे, शपथा घालायचे, तेव्हा मला ठाऊक असायचं की हे तो बोलत नाही, गोळी बोलतेय, आणि मी मजेत बसू शकायचो. हिला बोलताच येत नव्हतं. ती नुसती माझ्याकडं बघून रडायची. मला तिची किळस आली. स्वतःच्या पोरीची. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

त्यानंतर इंजिनाजवळ आपण कामापुरतंच बोलत होतो; दोन महिन्यांनी मी तुमच्या घरी आलो. पोरगी कडेवर होती आणि तुमची दाढी ओढून भोकाड पसरत होती. मी म्हणालो, "उस्ताद, सुटली. मी बसलो." तुम्ही तिचा डोळा पाहिलात, मग बराच वेळ माझ्याकडं पाहिलंत. माफी मागायचं मी विसरलो की टाळलं, आता सांगता येत नाही. तुम्ही ती बाभळीची काडी खुंटीवरून काढून माझ्या हातात दिलीत. "ही तुझी. एवढ्या लहान जिवाजवळ बसायची माझी छाती न्हवती झाली. माझा एक गेला तसाच." तुम्हाला मूल होतं हे मला तोवर माहीत नव्हतं. त्याच उन्हाळ्यात तापानं तुम्ही गेलात. तुमच्या मातीला मी ती काडी कमरेला खोचून आलो, आणि लोकांनी ती पाहावी असं मला वाटत होतं.

ती काडी आता समोर आहे. पोरगी आजी झालीय, भांडखोर, तीन घरं पलीकडं तिचा आवाज जातो. तिलाही हीच गोष्ट माहीत आहे, माझ्या तोंडची. तिची आई होती तोवर, मी ओट्यावर "अठरा" म्हणालो की ती हातातलं काम टाकून आत निघून जायची. एकदाही खोडून काढलं नाही तिनं. शेवटी शेवटी मला तिच्या आत जाण्याचा आवाज ऐकू यायला लागला होता. तरी मी वाक्य पुरं करायचो.

उद्या ती पोरं परत येणार आहेत, गोष्ट लिहून घ्यायला. हा कागद त्यांना द्यावा की नाही, ठरत नाही. तुमच्याकडं पाठवायची सोय नाही, आणि असती तरी मी टाकला नसता, एवढं मला माझं ठाऊक आहे.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी कोनाड्यातली गाठ सोडली आणि करंगळीच्या नखावर घेऊन गोळी पोरीच्या जिभेला लावली. ती गप्प झाली आणि मी झोपलो. बायको कामावरून आली, तिनं पोरीचा डोळा उघडून पाहिला आणि बोचकं बांधलं. काम सोडून, गंगाखेडपर्यंत रेल्वेनं आणि पुढं बैलगाडीनं ती राणीसावरगावला माहेरी गेली. तिथं दीड महिना बसून तिनं पोरगी सोडवली. त्या दीड महिन्यात मी एकदाही तिकडं गेलो नाही.