आईचं कापलेलं वाक्य

तिरुवल्लिकेणी, चेन्नई
रविवार, १६ मार्च २०२५

ती. अण्णा,

नमस्कार. तू आणि लावण्यावहिनी बरे असाल. बाळही बरं असेल. मुलगी झाल्याचं रघुमामाकडून कळलं, तेही पंधरा दिवसांनी. नाव काय ठेवलं ते त्याला आठवेना. "तीन अक्षरी काहीतरी आहे," म्हणाला.

इकडे आईची तब्येत ठीक आहे. गुडघा दुखतो, पण मशीनवर बसणं थांबवत नाही. पंगुनी महिन्यातल्या लग्नांच्या साड्या शिवायच्या आहेत. आजकालच्या मुलींना नऊवारी नेसता येत नाही, म्हणून आईने शिवलेल्या नऊवारीला मागणी आहे, हे तुला माहीतच आहे. देवळाच्या तळ्यात तेप्पम झाला, देवाचा तराफा फिरला. या वर्षी आई बघायला आली नाही. तिने तिची जुनी, मऊ झालेली सुती नऊवारी फाडून बारा दुपटी शिवली आहेत. कुणासाठी ते ती बोलत नाही आणि मी विचारत नाही.

माझा नंबर तू ब्लॉक केलास, म्हणून हाताने लिहिते आहे. अप्पा रविवारी आपल्याला देवनागरी गिरवायला बसवायचे, तेव्हा तू खाली पळायचास आणि मी बसून राहायचे. तरी चुका असतील, समजून घे.

याआधी एक पत्र लिहून झालं होतं. अॅप कसं कशालाही वर आणतं, लोक कसे न बघता बोलतात, गोष्टी कशा हाताबाहेर जातात, असं तीन पानं लिहिलं होतं. आईला वाचून दाखवलं. ती शेवटपर्यंत ऐकत होती. मग म्हणाली, "यात तू कुठं आहेस?"

ते फाडलं. आता मी कुठे होते ते लिहिते.

माझं काम तुला माहीत आहे, वहिनींना नीट माहीत नसेल. घरून पोडी, केक, मुरुक्कू विकणाऱ्या, ब्लाउज शिवणाऱ्या बायकांना मी इन्स्टाग्रामवर काय टाकावं, कसं टाकावं ते शिकवते. अण्णा नगरला एक छोटा हॉल घेतला आहे, तिथे दर रविवारी वर्ग असतो. बघणाऱ्याचा अंगठा पहिल्या तीन सेकंदांत थांबला पाहिजे, वस्तूआधी माणूस दाखवा, आणि माणसाचं सुख कुणी बघत नाही, त्याला कुठे लागलंय ते दाखवा, हे माझे नेहमीचे धडे. ऑक्टोबरात वर्गाला पाचजणी उरल्या होत्या. त्यातल्या एकीने सगळ्यांसमोर विचारलं, "तुमच्या आईच्या पेजला दोनशे बाराच लोक कसे हो?" मी हसून वेळ मारून नेली. पण घरी येईपर्यंत तेच डोक्यात होतं.

दिवाळीनंतरच्या शनिवारी आईला मशीनवर बसवलं आणि समोर फोनचा कॅमेरा लावला. साड्यांबद्दल बोलून झाल्यावर मी तमिळमध्ये विचारलं, "मुलगा काय करतो?" तेव्हा आई जे बोलली ते मला तोंडपाठ आहे. तुझ्यासाठी आपल्या भाषेत लिहिते.

"मुलगा कोइंबतूरला असतो. कॉलेजात शिकवतो. या दिवाळीला आला नाही. घरात दिवाळीसारखं वाटलंच नाही." मग ती थांबली, खाली बघून दाताने दोरा तोडला आणि पुढे म्हणाली, "मीच सांगितलं येऊ नको म्हणून. सून बेडरेस्टवर आहे, तिला सोडून यायचं नाही. रोज सकाळी कॉलेजला जायच्या आधी फोन करतो. ही मशीनसुद्धा त्यानंच घेऊन दिली."

मी त्या दोऱ्यापाशी कापलं. पुढचं सगळं काढून टाकलं, खाली बासरी लावली, आणि वर तमिळमध्ये लिहिलं : 'पोटच्या मुलाने विसरलेली आई आजही सुई ओवते.' ही ओळ मी लिहिली, अॅपने लिहिली नाही. मी तिच्याबरोबर त्याच घरात राहते, तिचं जेवणखाण, औषध बघते, तेही कुठे आलं नाही. बघणाऱ्यांना ती एकटी वाटायला हवी होती.

नऊ दिवसांत तेवीस लाख लोकांनी तो व्हिडिओ बघितला. आईकडे इतक्या ऑर्डर आल्या की शेजारच्या श्रीलक्ष्मीला मदतीला बसवावं लागलं. माझा रविवारचा वर्ग भरला. अण्णा, मी तो व्हिडिओ दर रविवारी भिंतीवर मोठा करून दाखवायचे. "इथे बघा, इथे थांबल्या, इथे कापलं," असं सांगायचे. लोक वहीत उतरवून घ्यायचे.

तुझा फोटो कुणीतरी शोधून कमेंटमध्ये टाकला, खाली कॉलेजचं नाव. ती कमेंट मी त्याच दुपारी पाहिली होती. पुसायला एक सेकंद लागतो. पण तिच्याखाली चारशे उत्तरं आली होती, आणि उत्तरं येत राहिली की व्हिडिओ आणखी पुढे जातो, हे मीच शिकवते. मी फोन उलटा ठेवला आणि कामाला लागले.

पुढचं रघुमामाने सांगितलं. तू वर्गात गेलास तर फळ्यावर लिहिलेलं होतं, 'सर, आई जेवली का?' तू ते पुसलंस आणि पूर्ण तास घेतलास. वहिनी पडल्यापडल्या त्या कमेंट वाचत होत्या आणि डॉक्टरांनी त्यांचा फोन काढून घ्यायला सांगितला, हेही त्यानेच सांगितलं. ते ऐकून मी "लोकांना काही काम नाही," असं म्हटलं होतं.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसले ते.

नोव्हेंबरात तू आईला फोन केलास. तिचे हात कापडात होते म्हणून तिने स्पीकर लावला. तू विचारलंस, "आई, त्या व्हिडिओत माझ्याबद्दल आहे ते तूच बोललीस ना? कुणी बोलायला लावलं नाही ना?"

आई हसली. "मीच बोलले रे. मला कोण शिकवणार? मनापासून बोलले."

तू म्हणालास, "बरं." आणि फोन ठेवलास.

आईने पूर्ण व्हिडिओ पाहिलेलाच नव्हता. मी तिला साड्यांचा भाग तेवढा दाखवला होता. तिला वाटलं, मशीनचं कौतुक केलं ते तुला आवडलं म्हणून विचारतो आहे. किती खूश होती ती.

मी स्वयंपाकघरात होते, चार पावलांवर. कॉफीचे पेले विसळत होते. तुझं प्रत्येक अक्षर मला ऐकू आलं. "अण्णा, ठेवू नको, मी कापलंय ते," एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. मी नळ मोठा सोडला.

त्यानंतर तुझा रोजचा फोन बंद झाला. आई आधी म्हणायची, कामात असेल. मग म्हणायला लागली, माझं काही चुकलं का ग? मी तिला सांगायचे, "परीक्षा आहेत, पेपर तपासायचे असतील." चार महिने मी तिला हेच सांगितलं. तिने केलेला फोनही तू दोन मिनिटांत आटोपायचास आणि ती विचारायची, "याचा आवाज असा का?" मी म्हणायचे, रेंज नसेल.

जानेवारीत वर्गाला रंजनी नावाची एक मुलगी आली होती, तांबरमहून. घरी मुरुक्कू करून विकते. ती उभी राहून म्हणाली, "अक्का, माझा नवरा चांगला आहे. पहाटे उठून माझ्याबरोबर पीठ मळतो. मग मी कुठलं दुःख सांगू?" सगळे हसले. मी म्हटलं, "नवऱ्याला कॅमेऱ्यात घेऊ नका, म्हणजे झालं." सगळे पुन्हा हसले. ती हसली नाही आणि परत आली नाही. त्या दिवसापासून वर्गात तो व्हिडिओ लावला की मी भिंतीकडे पाठ करून उभी राहायला लागले. तरी मी लावत राहिले.

मग आठ मार्च आला. अण्णा नगरच्या एका महिला मंडळाने आईला सत्काराला बोलावलं. पत्रिकेवर लिहिलं होतं, 'आपल्या माणसांनी टाकलं तरी न खचलेल्या सहा स्त्रिया.' मी आईला पत्रिका दाखवली नाही. शिवणकामासाठी सत्कार आहे, एवढंच सांगितलं. ती आपली हिरवी नऊवारी नेसली. अप्पा असते तर, असं दोनदा म्हणाली.

स्टेजवर मोठा पडदा होता. सत्काराआधी त्यांनी व्हिडिओ लावला. आई मान वर करून बघत होती. स्वतःचा आवाज ऐकून आधी लाजली. मग वरची ओळ वाचली. 'घरात दिवाळीसारखं वाटलंच नाही' झालं, दोरा तुटला, बासरी वाजली आणि पडदा काळा झाला. ती पडद्याकडे तशीच बघत राहिली, अजून पुढे काही येईल म्हणून.

शाल घालायला आलेल्या बाईंच्या हातातला माईक तिने घेतला. आई, जी भिशीतसुद्धा उभी राहून बोलत नाही. म्हणाली, "यात माझं पुढचं बोलणं नाही. मुलाला येऊ नको असं मीच सांगितलं होतं. सून अडचणीत होती. तो रोज फोन करायचा. माझा मुलगा चांगला आहे."

अध्यक्षीणबाईंचे डोळे भरून आले. त्यांनी माईक घेतला आणि म्हणाल्या, "बघा, याला म्हणतात आईचं काळीज! अजूनही त्याला पाठीशी घालते आहे." सगळा हॉल टाळ्या वाजवायला लागला.

आई म्हणत होती, "नाही हो, तसं नाही," पण माईक नव्हता. तिने मला शोधलं. मी दुसऱ्या रांगेत होते. उठून उभी राहिले असते तर तिथेच सगळं संपलं असतं. तीनशे माणसं होती, त्यात माझ्या वर्गाच्या नऊजणी. मी उठले नाही. मीसुद्धा टाळ्या वाजवल्या, अण्णा. का, ते मला सांगता येत नाही.

परतताना रिक्षात ती शाल मांडीवर घेऊन बसली होती. तिची घडी घालत म्हणाली, "त्या दिवशी फोनवर त्यानं विचारलं, ते हेच?"

"हो."

"तू ऐकत होतीस?"

"हो."

"तेव्हाच नळ मोठा झाला. मला वाटलं, हिला कामाची घाई आहे."

ओरडली असती तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, तू अण्णाला फोन कर, मी सगळं सांगते. ती म्हणाली, "मी फोन केला तर तो माझ्याकडे बघून तुला सोडून देईल. पोदुम, आता पुरे. तुझ्या हातानं कळव. तो वाचू दे. मग मी बोलेन."

तो व्हिडिओ मी काढला आहे. आईचं सगळं बोलणं न कापता पुन्हा टाकलं, आणि मी काय केलं ते स्वतः समोर येऊन सांगितलं. आठ दिवसांत तेराशे लोकांनी पाहिलं. तेवीस लाखांतले त्यात किती, मला माहीत नाही. आज सकाळी वर्गात उभं राहून सांगितलं की हे उदाहरण मी खोटं शिकवलं. दोघी उठून गेल्या. एकीने विचारलं, "पण मॅडम, नवऱ्याबद्दल केलं तर चालेल ना?" मी वर्ग बंद केला. रंजनीला फोन केला, तिने उचलला नाही.

तुझ्या प्राचार्यांच्या नावाने एक पत्र लिहून सही करून सोबत ठेवलं आहे. द्यायचं की फाडायचं ते तू ठरव. तुझ्याबद्दल तुला न विचारता मी आता कुणाशी एक शब्द बोलणार नाही, चांगलासुद्धा.

एक गोष्ट राहिली. ती आईलाही सांगितलेली नाही.

धंद्यासाठी कापलं, असं मी इतके महिने स्वतःला सांगत होते. ते पूर्ण खरं नाही. येऊ नको म्हटलं, हे वाक्य धंद्यासाठी कापलं असेल. पण मशीनचं वाक्य ठेवून चाललं असतं. उलट, मुलाने घेऊन दिलेली मशीन, हेही लोकांना आवडलं असतं. ते मी चिडून काढलं. त्या दिवाळीला आई दिवसभर तुझंच बोलत होती. अण्णाला हे आवडतं, अण्णा असता तर दोन जास्त खाल्ले असते. फराळ मी केला होता. कॅमेऱ्यासमोरही तिने तुझंच नाव काढलं आणि मी इतक्या जवळ उभी होते की तिचा श्वास ऐकू येत होता. माझ्याबद्दल एक शब्द नव्हता. मला वाटलं, नसू दे मग हाही.

इतकी लहान गोष्ट होती, अण्णा. ती मी तेवीस लाख लोकांच्या हातात दिली.

माफ कर असं लिहिणार नाही. वहिनींना काय लिहावं ते सुचलं नाही. त्यांनी हे पत्र वाचावं की नाही, तेही तूच बघ. माझ्याशी बोलू नकोस, चालेल. पण आईला बोलाव. ती स्वतः विचारणार नाही, तुला तिचा स्वभाव माहीत आहे. कोइंबतूरच्या गाडीत मी तिला बसवून देईन आणि स्टेशनवरूनच परत फिरेन.

खाली 'तुझी धाकटी बहीण' असं लिहायला हात उचलला होता. ते तू म्हणेपर्यंत नुसतं नाव लिहिते.

संयुक्ता