उमाआत्यांची मुंगी

हैदराबाद
६ जानेवारी २०२५

ती. वनमालाताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू रडतेस नि मी चिडते, म्हणून पत्रच. ताई, उमाआत्या आल्या. माझ्या दारात! श्रियाचं नऊ दिवसांचं बाळ पदरात, हळदीसारखं पिवळं, पोटात काही ठरत नाही, डोळे मिटलेले. उमरग्याच्या डॉक्टरांनी लहान मुलांचे जन्मजात आजार बघणाऱ्या बाईंकडे न्या म्हणून चिठ्ठी दिली होती. त्या बाई म्हणजे मीच, त्यांच्या भावाची निवी, हे आत्यांना दारावरची पाटी वाचून कळलं. तोंड बघायला हवं होतंस!

तुला टाकून आत्यांच्या स्वानंदानं दुसरी केली, तिची ही श्रिया. आणि आत्यांनी तिला दिली कुणाला, तर स्वतःच्याच लेकीच्या मुलाला. नात्याबाहेरचं स्थळ त्यांना दिसतच नाही. तूही सख्ख्या आत्याच्याच घरी पडलीस ना.

तुझी दोन्ही लेकरं अशीच पिवळी पडून गेली. दुसरीच्या वेळी आई नव्हती म्हणून मला चौदा वर्षांचीला तुझ्या मदतीला उमरग्याला धाडलं होतं. आत्यांनी वाटीत तुझं दूध काढलं, गल्लीतल्या बायका बोलावल्या आणि त्यात मुंगी सोडली. मुंगी मेली, म्हणे हिच्या दुधात विष. अगं, मुंगी पाण्यातसुद्धा बुडून मरते! आणि ती मुंगी पारावरून मीच धरून आणली होती, आत्यांनी सांगितलं म्हणून.

लोक मला विचारतात, सास्तूर, ईट, कुठं कुठं हिंडून बाळांच्या टाचेचं रक्त टिपकागदावर घेता, केवढी समाजसेवा! डोंबलाची समाजसेवा. मला ती मुंगी खोटी पाडायची होती. आता पाडली. हा आजार आईबाप दोघांकडून खोट आली तरच होतो. श्रियाचं, तिच्या नवऱ्याचं, आत्यांचं, सगळ्यांचं रक्त घेतलंय. बाळावर उपचार पहिल्या तासातच सुरू केले, ती काळजी नको. पण आत्यांना काय शिक्षा द्यायची ते तू सांग.

राग तुझ्या वाटचाही मीच करते आहे, लोभ मात्र सगळा मला हवा.

तुझी,
निवी


तुळजापूर
११ जानेवारी २०२५

चि. निवेदितास,
अनेक आशीर्वाद.

पत्र शाळेत मिळालं. पाचवीच्या वर्गाला शुद्धलेखन देऊन वाचलं, दोनदा. मग तीच हजेरी पुन्हा घेतली. पोरांनी विचारलं, बाई, ताप आलाय का? वेळेवर जेवत जा, मागच्या फोटोत तुझी गालफडं बसलेली दिसली.

शिक्षा विचारतेस? ऐक. मी आजही कुणाच्या बारशाला गेले की बाई बाळाचं तोंड पदरानं झाकते. चोवीस वर्षं झाली, नोकरी केली, घर बांधलं, तरी मी ती विषारी दुधाचीच. म्हणून मला पैसा नको नि माफीचं पत्र नको. आत्यांनी ह्या बाळाच्या बारशाला, त्याच ओसरीवर, त्याच गल्लीतल्या बायकांसमोर, आपल्या तोंडानं सांगावं की दोष वनमालेचा नव्हता. मी समोर बसून ऐकणार. त्यांचं वय ऐंशी आहे, दमा आहे, हे मला सांगू नकोस. माझं वय तेव्हा तेवीस होतं.

बाळ मात्र वाचव हं. त्यानं आपलं काय वाकडं केलंय? आणि तुझं ते औषध कुठलं गं? आपल्या वेळी नव्हतंच का ते?

माया आहे तशीच राहो.

तुझी ताई


हैदराबाद
२० जानेवारी २०२५

ती. ताईस,
सा. न.

बाळानं तिसऱ्या दिवशीच डोळे उघडले. आता बोट दिलं की सोडत नाही, लबाड!

आत्यांना समोर बसवून कागद दाखवला. खोट त्यांच्याच रक्तात आहे. त्यांच्याकडून ती स्वानंदात उतरली आणि आपल्या बाबांकडून तुझ्यात. शेवटी आजा एकच ना. तुझी अट सांगितली. आधी म्हणाल्या, म्हातारीला चव्हाट्यावर आणू नगं. मी म्हटलं, तुम्ही बाळंतिणीला आणलंत ते? तेव्हा कबूल झाल्या. दोन तारखेला बारसं आहे.

औषधाचं विचारलंस; लई लांबण आहे, भेटीत सांगेन. तू जा, ऐक, आणि लगेच नीघ. जेवायलासुद्धा थांबू नकोस.

ममता कमी करू नकोस, काहीही झालं तरी.

निवी


तुळजापूर
३ फेब्रुवारी २०२५

चि. निवेदितास,
आशीर्वाद.

जेवायला थांबू नको म्हणालीस. मी तर तासभर आधीच गेले. श्रियानं आतल्या खोलीत नेलं, मला मोठी आई म्हणाली, आणि बाळ आपण होऊन माझ्या मांडीवर दिलं. ते भुकेनं रडायला लागलं. मी म्हटलं, घे पदराखाली, मी बाहेर थांबते. तर ती बाटली हलवत म्हणाली, ह्याला सोयाबीनच्या भुकटीवर ठेवलंय. आईचं, गाईचं, कुठलंच दूध चालत नाही. ह्या आजारात दूधच बाळाला विष होतं. निवेदिताआत्यांनी पहिल्याच तासाला दूध तोडलं, म्हणून वाचलं.

निवे, हे तुला डॉक्टर झाल्यापासून ठाऊक होतं. माझ्यापासून लपवलंस, त्याचा राग नाही. पण मी तुझ्यापासून काय लपवलं ते आता ऐक. मुंगीच्या दुसऱ्या दिवशी शाळा बुडते म्हणून बाबा तुला घेऊन गेले. आत्यांनी माझं दूध तोडलं होतं. तीन दिवस लेकराला चमच्यानं खडीसाखरेचं पाणी पाजत बसल्या, मला हात लावू देईनात. पोर बरी दिसायला लागली होती, डोळे उघडून बघायची. मंगळवारी आत्या देवीला गेल्या. मी दाराला कडी लावली आणि तिला पोटभर पाजलं. संध्याकाळपर्यंत पाजत राहिले. शुक्रवारी ती गेली.

हे सगळं माझ्या डोक्यात उलगडत होतं नि तेवढ्यात बाहेरून हाक आली. ओसरी बायकांनी भरली होती. आत्या काठी टेकत उभ्या राहिल्या. दोष वनमालेचा नव्हता, खोट माझ्या रक्तातली, मी हिच्यावर आळ घेतला, असं अडखळत, पण सगळं बोलल्या. मग खाली बसून त्यांनी माझे पाय धरले. मला तोंड उघडता आलं असतं. चोवीस वर्षं वाट पाहिलेली ती घडी, मी नाही उघडलं. धरू दिले पाय, चांगले बराच वेळ.

आत्यांना यातलं अक्षरही कळता कामा नये. ते तीन दिवस माझी लेक त्यांनी जगवली होती, हे त्या मरेपर्यंत त्यांना कळता कामा नये.

हे वाचून जेवढी माया उरेल, तेवढी ठेव.

तुझी,
ताई