आजी उपलब्ध

उचगाव,
बुधवार, ६ ऑगस्ट २०२५

आदर्श,

सोमवारी, ४ ऑगस्टला, सकाळी सव्वादहा वाजता तू अंगणवाडीच्या दारात मोटरसायकल बंदसुद्धा न करता माझ्या नातीचं नाव पाळणाघरातून काढायला लावलंस. तिथून तसाच आजऱ्याला तुझ्या काजूच्या कारखान्यावर गेलास. घरी बोलला नाहीस, बायकोला, क्रांतीला, बोलला नाहीस, मला तर नाहीच.

कॉन्व्हेंटच्या शाळेत सिस्टर आम्हाला शिकवायच्या, तक्रारीचं पत्र असेल तर तक्रार आधी आणि हवापाणी नंतर. तर हवापाणी असं: पंचगंगेचं पाणी उतरलं, दूधवाल्याचं दुधातलं उतरलेलं नाही. मोनाला वरचे दात येत आहेत. मी बरी आहे. आशीर्वाद शेवटी देईन, तोवर शिल्लक राहिला तर.

मला हे कसं कळलं ते ऐक. काल मोनाचा पाळणाघराचा पहिला दिवस. क्रांती रिक्षाने आम्हा दोघींना दारात सोडून तशीच फौंड्रीत कामाला गेली. मी पिशवीत दुपटं, कपड्यांचा जोड आणि तिचा तो कान तुटलेला ससा घेऊन उभी. तिथली मदतनीस तानाबाई बाहेर आली आणि म्हणाली, "आज्जी, मोनाला आणलंसा व्हय? नाव तर काटलंय की."

"कुणी?"

"तुमच्याच ल्योकानं. गाडीवरनं आलतं, खाली उतरलं बी न्हाईत."

मी आत गेले. सुपरवायझर मॅडम तुझ्यापेक्षा लहान असतील. मला बसायला खुर्ची दिली, चहा सांगितला, आणि रजिस्टर माझ्यापुढे फिरवलं. मोनाच्या नावावर आडवी रेघ. पुढे शेऱ्याच्या रकान्यात दोन शब्द: "आजी उपलब्ध."

चौकातल्या गुऱ्हाळावर पाटी असते ना, ताजा रस उपलब्ध. तशी मी. सहासष्ट वर्षं जगले, नोकरी केली, तुझे बाबा गेल्यावर हे घर उभं ठेवलं, आणि सरकारदरबारी माझी नोंद झाली ती ही.

मी मॅडमना विचारलं, "नाव घालताना मुलीच्या आईची सही लागली, आधार लागलं, कंपनीचा दाखला लागला. काढताना काय लागलं?"

"काकू, वडील स्वतः बोलले की. म्हणाले, आई हाय घरात धडधाकट. आता घरात माणूस असलं तर ज्यांच्याकडं न्हाई त्यांना आधी द्यावं लागतंय."

"आणि नाव परत घालायला?"

"वडिलांचं लेखी लागेल."

म्हणजे आईने महिनाभर खेटे घालून मिळवलेली जागा बापाच्या एका वाक्याने जाते, आणि परत मिळवायची तर बापानेच कागद द्यायचा. त्या कार्यालयाला मी वेगळं पत्र लिहिणार आहे, आणि ते इतकं सौम्य नसेल. पण आधी तू.

मी आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांच्या लाइनी जोडल्या. दोन माणसं बोलत असताना मधून लाइन तोडणाऱ्याला आम्ही कामावरून घरी पाठवायचो. क्रांतीने महिनाभर खपून जोडलेली लाइन तू तशीच मधून तोडलीस.

रविवारी जेवताना तू काय बोललास ते मला शब्दन् शब्द आठवतं. चिडलास की तुझी बोली बदलते. "सरकारच्या भातावर पोरगी वाढवायची व्हय? पावणं काय म्हणतील? आई दिवसभर रिकामीच असतीया. तुला पोरगी जड झालीया, एवढंच हाय." 

सरकारचा भात. तुझ्या काजू सोलायच्या मशिनला सरकारी अनुदान मंजूर झालं तेव्हा तू अख्ख्या गल्लीत पेढे वाटलेस. तेव्हा पावणं काय म्हणाले? पेढे खाल्ले आणि गेले. मशिनला सरकारची मदत चालते आणि लेकीला चालत नाही, हे गणित मला कुठल्याच सिस्टरने शिकवलेलं नाही. पाळणाघर हे दान नाही. क्रांती कामाला जाते, कर भरते, आणि तिचं मूल दिवसभर सुरक्षित राहावं म्हणून सरकार खर्चाचा वाटा उचलतं. त्यात मान खाली घालण्यासारखं काय आहे? आणि खासगी पाळणाघर पाहायला चल म्हणून तिने तुला दोनदा सांगितलं, तेव्हा तुला काजूचा हंगाम होता.

"रिकामी" या शब्दाचंही सांगते. मोना सहाला उठते. नऊ वाजेपर्यंत तिने तीन फ्रॉक खराब केलेले असतात. दुपारी ती अर्धा तास झोपते, त्या अर्ध्या तासात मी जेवते, तेही कान तिच्याकडे ठेवून. तू शनिवारी येतोस, तिला तासभर उडवतोस, ती हसते, तू फोटो काढतोस. तो तासभर मीसुद्धा छान आजी असते.

हे सगळं खरं आहे. पण एवढ्यासाठी मी पत्र लिहायला बसले नसते. नातीचा कंटाळा आला म्हणून भांडणारी बाई मी नाही, हे तुला माहीत आहे. म्हणून तर तुला प्रश्न पडायला हवा होता.

तुझ्या लक्षात आलं आहे का, मी मोनाला आता कडेवर घेत नाही? विचारलंस तर सांगायला उत्तर तयार होतं, की कडेची सवय लागते. मी तिला फरशीवर बसून, भिंतीला पाठ लावून भरवते. त्यालाही उत्तर तयार होतं, गुडघे दुखतात. तू विचारलं नाहीस. क्रांतीनेही विचारलं नाही, पण तिने पाहिलं.

जूनमध्ये एका सकाळी मी ओट्याशी उभी होते. मोना कडेवर, गॅसवर दूध. पुढचं मला आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा मी फरशीवर होते, दूध उतू जाऊन गॅस विझला होता, वास सुटला होता, आणि मोना माझ्या पोटावर बसून माझा चष्मा चोखत होती. तिला खरचटलंही नव्हतं. कसं, ते मी सांगू शकत नाही, कारण मी तिथे नव्हते.

गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या. संध्याकाळी क्रांतीने माझं कोपर पाहिलं. मी म्हटलं, न्हाणीच्या दाराला आपटलं. ती "बरं" म्हणाली आणि तेल आणून चोळलं. पुढच्या आठवड्यात येऊन म्हणाली, "आई, मोनाला पोरांची संगत पाहिजे. अंगणवाडीत पाळणाघर निघालंय, विचारून येते." तिला कळलं होतं. तिला कळलंय हे मला कळलं होतं. आम्ही दोघी त्यावर एक अक्षर बोललो नाही.

नंतर पुन्हा एकदा तसं झालं, मोना झोपलेली असताना. मी एकटीच राजारामपुरीत डॉक्टरांकडे जाऊन आले. हृदयाचा ठोका मधेच थांबतो, छातीत मशिन बसवावं लागेल म्हणाले. तोवर गॅसपाशी एकटीने उभं राहायचं नाही, मूल उचलायचं नाही.

रविवारी तू "पोरगी जड झालीया" म्हणालास तेव्हा क्रांतीने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर मला बोलावं लागलं असतं, म्हणून. ताटाकडे बघत राहिली आणि माझ्यासाठी तुझं सगळं ऐकून घेतलं. आणि मी आमटी वाढत होते. तो राग माझा माझ्यावर आहे, तो मी बघून घेईन. तुझ्यावरचा तू बघ.

हे वाचून धावत येऊ नकोस आणि फोन करू नकोस, मी उचलणार नाही. फोनवर तू रडशील, मी विरघळेन, आणि चार दिवसांनी तू म्हणशील, मी असं बोललोच नव्हतो. शेजारची बयाबाई कालपासून दिवसभर माझ्याजवळ बसते आहे, तिला सगळं सांगितलं आहे. मोना सुरक्षित आहे. आज रात्री क्रांतीलाही तोंडाने सांगणार आहे.

या शनिवारी येत नाहीस असा मेसेज तू तिला केला आहेस. हरकत नाही. हे पत्र आकारामच्या हाती पाठवते आहे, तो टेम्पो घेऊन तुझ्या कारखान्यावर येतोच. शनिवारी तो परत निघेल, तेव्हा त्याच्या हाती दोन कागद दे. एक सुपरवायझर मॅडमना, की तुझं बोलणं चुकीचं होतं, आजी आजारी आहे आणि मुलीचं नाव परत घ्यावं. दुसरा क्रांतीला. त्यात काय लिहायचं ते मी सांगणार नाही, पण "गैरसमज झाला" हे शब्द दिसले तर मी तो फाडून परत पाठवीन.

मॅडमनी मोनाची जागा सोमवार, ११ ऑगस्ट, दुपारी बारापर्यंत राखून ठेवली आहे. त्यानंतर ती यादीतल्या पुढच्या मुलाला जाईल. त्याची आईही कामालाच जाते, तिच्याशी माझं भांडण नाही. मला तुझं उत्तर लेखी, सहीसकट, त्या बाराच्या आत हवं आहे.

आशीर्वाद थोडा उरला आहे, तो घे.

सध्या क्रांतीच्या बाजूने,
तुझी आई