विहीणबाईंचा चहा

भूगाव, ता. मुळशी
१२ जानेवारी १९५९

प्रिय जया,

तुला पहिल्या बाळंतपणाला आणायला नांद्याला तुझ्या सासरी आलो आणि रिकामी गाडी घेऊन परतलो, त्याला आज सहा दिवस झाले. तुझी आई माझ्याशी बोलत नाही. ताट पुढ्यात आदळते आणि मांजराशी बोलते. ते सगळं मलाच असतं. तिचं चुकत नाही. विहीणबाईंनी दुधाचा चहा पुढं केला, मी नको म्हणालो, तिथंच बिनसलं. ज्या घरात दूध चालत न्हाई तितं दोन जिवांची सून धाडणार न्हाई, बाळंतिणीला काय पाला घालणार, असं त्या म्हणाल्या. तू दाराआडून ऐकलंसच.

तुझ्यासाठी आईनं शेजारच्या जैनबबीकडं दुधाचा रतीब ठरवलाय. मी सोडलं म्हणून तुझ्या तोंडचं काढणार नाही, हे तिथल्या तिथं सांगायला हवं होतं. पण मला राग आला आणि मी मुंडासं उचलून निघालो. एक घोट घेतला असता तर तू आज इथं असतीस, हे वाटेत दहादा मनात आलं. पण दीड वर्षं जपलेलं कुणाच्या धाकानं मोडवत नाही गं.

सोडणं सोपं नव्हतं. बारा वर्षं सायकलला कॅन बांधून पुण्यात दूध घातलं, घरी दही-तुपाशिवाय घास गेला नाही. सुरवातीला डोकं ठणकायचं, काळा चहा नरड्याखाली उतरेना. जेवताना हात आपसूक ताकाच्या भांड्याकडं जायचा. गावाला तर आयतीच करमणूक झाली. मटण सोडलं असतं तर माळ घातली म्हणून पाया पडले असते, दूध सोडलं म्हणून येडा ठरलो. माळकरी बी दूध पित्यात, तू कंचा देव धरलास, असं कोंडाजी पारावर चारचौघांत विचारतो. मी पारावरून उठतो. आता त्याच सायकलवरून मेथी-वांगी नेतो. दोन्ही म्हशी भाकड झाल्यात, पण विकल्या नाहीत. फुकटची वैरण खातात म्हणून आईची बोलणी मी खातो.

विहीणबाई तुला टोचत असतील, तुझ्या बापाला झालंय तरी काय. तुला उत्तर देता येत नाही, कारण मी तुला खरं सांगितलेलं नाही. तुझ्या लग्नाआधी आपल्या चंद्री म्हशीला रेडकू झालं होतं, तुझी बोटं चोखायचं ते. रोगानं गेलं असं मी तुला सांगितलं. ते खोटं होतं. रेडा पोसून काय करायचा, म्हणून मी त्याला पान्हा फुटेपर्यंत लावायचो आणि ओढून बांधायचो. बारा वर्षं तेच करत आलो होतो, त्यात काही वावगं वाटलं नाही. पंधराव्या दिवशी ते उठलंच नाही. मग कातड्यात पेंढा भरून चंद्रीपुढं उभं केलं. ती ते चाटायची, दूध सोडायची, मी कॅन भरायचो. तुझं लग्न होऊन तू गेलीस, त्यानंतर एकदा चाटून चाटून शिवण उसवली आणि पेंढा बाहेर पडला. वैरणीचा तुटवडा होता, म्हैस भुकेली होती. तिनं त्या पेंढ्याला तोंड लावलं नाही. त्या दिवसापासून मी धार काढली नाही.

याला भूक लागलीय का, असं तू मला तेव्हा विचारलं होतंस. मी न्हाई म्हणालो. आता तू आई होणार, तर कुठल्या बापाच्या दारात येतेस ते तुला ठाऊक असावं, म्हणून हे लिहिलं. मन घेत नसेल तर येऊ नकोस, तुझ्या आईला मी सांगेन. रविवारी सकाळी पुन्हा गाडी घेऊन येतोय. विहीणबाई चहा पुढं करतील, मी घेणार नाही. मग काय बोलायचं ते तू बोल.

तुझाच,
आबा