छबूबाईंची नोंद

संगमनेर
शुक्रवार, दुपार

प्रिय राजी,

हे पत्र मी सकाळपासून तिसऱ्यांदा सुरू करते आहे. मध्ये दोनदा उठून ओपीडीत फेरी मारून आले, काही काम नसताना. फोन केला असता, पण फोनवर तू लगेच "असू दे गं" म्हणतेस आणि मला नेमकं तेच ऐकायचं नाहीये. पुण्यातली नोकरी कशी आहे? मुलाखतीत आपल्या दोघींच्या संशोधनाच्या पेपरवरच जास्त प्रश्न आले, असं तू कळवलं होतंस. तेव्हा मी सगळ्या स्टाफला पेढे वाटले होते. आता ते आठवायलाही नको वाटतं.

गेल्या आठवड्यात राहात्याहून खुर्शीद मॅडमचा मेल आला. तिथे त्यांचा फिजिओथेरपीचा लहानसा दवाखाना आहे. आपला पेपर वाचून त्यांनी अर्धशिशीच्या रुग्णांसाठी आपल्यासारखंच मशीन घेतलं. कानाला क्लिप लावायची, सौम्य करंट द्यायचा आणि मेंदूतून हृदयाकडे जाणाऱ्या व्हेगस नर्व्हला कातडीवरूनच चालना द्यायची, सुई नाही की ऑपरेशन नाही. अशा संशोधनाच्या पेपरात काय काय लिहिलंच पाहिजे, याची देशोदेशीच्या तज्ज्ञांनी केलेली यादी त्यांनी सोबत जोडली होती. कोणता कान, कानावरची नेमकी जागा, करंट किती आणि तो कसा ठरवला, किती मिनिटं, तुलनेच्या गटाला काय लावलं, मध्येच कोण सोडून गेलं आणि का. आपला पेपर शेजारी ठेवून मी खुणा करत गेले. निम्म्याहून जास्त रकाने कोरे राहिले. करंटबद्दल आपण 'सोसवेल इतका' एवढंच लिहून मोकळ्या झालो होतो, आठवतं? मेलच्या शेवटी त्यांनी विचारलं होतं, तुमच्या पेपरात कुणालाच त्रास झालेला नाही, म्हणून मी नाडी तपासत बसत नाही, ते बरोबर आहे ना?

ती ओळ वाचल्यापासून मला एका जागी बसवत नाही.

साकूरच्या छबूबाई तुला आठवतात का? नसतीलही. मशीन माझ्याकडे असायचं, लिखाण तुझ्याकडे. तिसऱ्या खेपेला त्या म्हणाल्या, "मला काय बी कळंना." म्हणून मी ठरल्यापेक्षा करंट वाढवला. क्लिप काढली, त्या उठल्या आणि दारातच कोसळल्या. ओठ पांढरे, नाडी मिनिटाला जेमतेम बेचाळीस. दहा मिनिटांत सावरल्या, चहा प्यायल्या, एसटीने घरी गेल्या. मी वहीत सगळं लिहिलं, करंटच्या आकड्यासकट. पुढच्या खेपेला त्या आल्या नाहीत आणि मीही बोलावलं नाही. शेवटचा तक्ता करताना तू विचारलंस, छत्तिसावी बाई का गेली? मी म्हटलं, घरचं काम निघालं. माझ्यावर विसंबून तू लिहिलंस, पस्तीस रुग्ण, त्रास कुणालाही नाही. तेव्हा मी स्वतःला समजावलं होतं, की त्या उन्हातून आल्या असतील, उपाशी असतील. असतीलही. पण ते वाचणाऱ्याने ठरवायचं होतं, मी नाही.

मंगळवारी साकूरला गेले. छबूबाई ओट्यावर शेंगा निवडत होत्या. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं, राहात्याच्या मेलचंही, आणि माफी मागितली. त्यांनी शेंगा बाजूला सारल्या. मग म्हणाल्या, "पर तुमी तवाच वहीत लिवलं हुतं की. मी बघितलं ना. म्हून तर मी गप घरी गेले. म्हनलं, आता दुसऱ्या बाईला असं न्हाई व्हायचं." निघताना त्यांनीच विचारलं, "मंग त्या राहात्याच्या बायांना कुनी सांगितलं का?"

स्टँडवर उभी राहून खुर्शीद मॅडमना फोन लावला. सांगितलं, मशीन थांबवा, निदान नाडी बघितल्याशिवाय क्लिप लावू नका. मग त्या म्हणाल्या, "परवा एकीला गरगरलं होतं. मला वाटलं, उन्हानं असेल."

बुधवारी मी आपला पेपर छापणाऱ्या जर्नलला पत्र पाठवलं. वहीची पानं जोडली, करंटचे सगळे आकडे दिले, छत्तिसाव्या रुग्णाचं काय झालं ते लिहिलं. लपवलं ते मी एकटीने, तुला यातलं काही ठाऊक नव्हतं, हेही स्पष्ट लिहिलं. ते नुसती दुरुस्ती छापतील की पेपरच मागे घेतील, माहीत नाही. पेपरवर पहिलं नाव तुझं आहे आणि तुझी नोकरी अजून कायम झालेली नाही, हे मला माहीत आहे. त्यांचं पत्र तुझ्या हातात पडण्याआधी माझं पडावं, म्हणून हे लिहिते आहे. जर्नलला पत्र पाठवण्याआधी तुला विचारायला हवं होतं. विचारलं नाही, कारण तू नको म्हणाली असतीस, तर मी थांबले असते.

तू म्हणशील तोवर तुझीच,
अंजुम